बंड्याचे सांधे, आमची शिफ्ट

*न बऱ्या होणाऱ्या दुखण्याची सेवा करताना कुत्र्याबरोबर माणूसही थकतो. पण हे बोलायचं कुणाशी?*

ऑफिसात लोक प्रेमाने विचारतात, 'काय गं, बंड्या कसा आहे?' पहिल्या महिन्यात मी सविस्तर उत्तर द्यायचे. एक्स-रे, गोळ्या, इंजेक्शन, सगळं. तिसऱ्या महिन्यात 'ठीक आहे' वर आले. आता दीड वर्ष झालंय आणि माझं उत्तर ठरलेलं आहे, 'तसाच!' समोरचा जरा गोंधळतो. आजारी माणूस एकतर बरा होतो, नाहीतर... समजलं ना! 'तसाच' हे काय उत्तर झालं?

पण मंडळी, संधिवाताचं हेच तर आहे. तो जात नाही आणि नेतही नाही.

बंड्या आमचा लॅब्रॅडोर. वय वर्षं अकरा. दोन्ही मागच्या पायांचे खुब्याचे सांधे झिजलेत. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरून दाखवला होता. हाडांच्या टोकांवर जी गुळगुळीत कूर्चा असते, तीच संपत आल्यामुळे सांधा नीट फिरत नाही, सुजतो, दुखतो. लॅब्रॅडोर, जर्मन शेफर्ड, गोल्डन रिट्रीव्हर अशा मोठ्या जातींत खुब्याची जडणघडणच कधी कधी लहानपणापासून सैल असते आणि म्हातारपणी ती वसूल होते. 'बरं होणार नाही, पण सुसह्य करता येईल,' डॉक्टर म्हणाले. त्यातलं 'सुसह्य' कुणासाठी, हे विचारायचं त्या दिवशी सुचलं नाही. आजचा कॉलम त्याच्यावर.

तिसरा मजला आणि नगर रोड

तेव्हा आम्ही चंदननगरला राहायचो. तिसरा मजला. मी रांजणगाव एमआयडीसीत, सप्लाय चेनमध्ये. नवरा खराडीत, आयटीवाला. माझी कंपनीची बस वाघोली, लोणीकंद, कोरेगाव भीमा, सणसवाडी, शिक्रापूर असा एकेक चौक मोजत यायची. नगर रोडवर रोज जाणाऱ्यांना पुढचं सांगायला नको! म्हणजे घरातून निघून परत येईपर्यंत बारा तास, आणि तेवढा वेळ बंड्या एकटा.

बिल्डिंगला लिफ्ट होती. पण सोसायटीचा नियम असा, की कुत्र्यांनी जिन्याने जायचं. केंद्राच्या अ‍ॅनिमल वेल्फेअर बोर्डाने २०१५ मध्येच सूचना काढून सांगितलंय, की सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर लिफ्टची बंदी घालता येत नाही. तो कागद मी छापून कमिटीपुढे ठेवला. भांडण जिंकलं. पण रोज लिफ्टमध्ये नाकाला रुमाल लावून उभ्या राहणाऱ्या चेहऱ्यांशी कोण जिंकणार?

गेल्या जूनमध्ये आम्ही सरळ रांजणगावात भाड्याने घर घेतलं. तळमजला, पुढे छोटंसं अंगण, माझी कंपनी दहा मिनिटांवर. जेवायच्या सुट्टीत मी घरी डोकावून येते. नगर रोड आता नवऱ्याच्या वाट्याला. पुण्यातल्या मैत्रिणी हादरल्या. 'रांजणगावला? राहायला? अगं, तिथे लोक महागणपतीच्या दर्शनाला जातात!' एक म्हणाली, 'कुत्र्यासाठी घर बदललंत? कित्ती सेंटी!'

सेंटी वगैरे काही नाही हो. हिशोब केला. बारा तासांचे नऊ झाले, तेही मधल्या एका ब्रेकसकट. मोठ्या दुखण्यात निर्णयही मोठे असतील असं वाटतं. प्रत्यक्षात जिने किती, लादी कसली आणि घर किती मिनिटांवर, यातच सगळं येतं.

दुखतंय का रे?

घर बदललं, पायऱ्या गेल्या. आता सगळं सोपं होईल असं वाटलं. तसं झालं नाही, कारण खरा ताण उचलण्या-पुसण्याचा नव्हताच. तो ओळखण्याचा आहे.

रोज सकाळी बंड्या उठतो तेव्हाची दोन मिनिटं आमच्या घरात कुणी बोलत नाही. आधी पुढचे पाय रोवले जातात. मग मागचा भाग उचलायचा प्रयत्न. कधी एका दमात होतो, कधी तीनदा बसकण मारतो. आम्ही दोघं चहाचे कप हातात धरून बघत असतो. आज कालच्यापेक्षा बरा? की वाईट? गोळीचा परिणाम कमी झालाय का? रात्री फिरत होता, म्हणजे कळ होती की लघवीला जायचं होतं? माणूस असता तर 'दहापैकी किती दुखतंय?' असं विचारलं असतं. इथे पेशंट शेपूट हलवून मोकळा!

आमच्या घरमालक काकांच्या आयुष्यात दावणीला जनावर नाही असा दिवस गेला नसेल. त्यांनी पहिल्याच आठवड्यात मला फंडा दिला. 'ताई, जनावर दुखणं सांगत न्हाई, लपवतंय. वरडायची वाट नका बघू. बसतं कसं अन् उठतं कसं, तेवढं बघत जा.' पुण्यातल्या डॉक्टरांनी वेगळ्या शब्दांत हेच सांगितलं होतं. कुत्रा विव्हळतो तेव्हा दुखणं फार पुढे गेलेलं असतं. त्याआधीच्या खुणा साध्या असतात. झोपून उठल्यावर आखडलेपण, एका कुशीवर कलून बसणं, एकच सांधा सारखा चाटत राहणं, गाडीत चढायला कां-कू, आणि ज्या गोष्टीवर तुटून पडायचा तिच्याकडे नुसतं बघणं.

काकांचं आणि डॉक्टरांचं म्हणणं पटलं, पण त्याचा अर्थ असा झाला की मी दिवसभर परीक्षकच झाले. मीटिंगमध्ये व्हेंडर डिले सांगत असतो आणि माझ्या डोक्यात, 'सकाळी डावा पाय घासत होता का?' कामाने माणूस दमतो, रात्री झोपला की उतरतो. हा सततचा पहारा मात्र झोपेतही उतरत नाही. पहाटे तीनला लादीवर नखांचा टक-टक आवाज आला की आमच्यापैकी एक जण उठून बसलेलाच असतो.

टाटांचा कुत्रा, आमचा कुत्रा

आमच्या एमआयडीसीत टाटा आणि फियाट यांचा एकत्र कारखाना आहे. त्यामुळे चहाच्या टपरीवर कुत्र्यांचा विषय निघाला की रतन टाटांचं नाव निघतंच. २०१८ मध्ये लंडनला बकिंगहॅम पॅलेसमध्ये त्यांना जीवनगौरव पुरस्कार द्यायचं ठरलं होतं. यजमान होते तेव्हाचे प्रिन्स चार्ल्स. आयत्या वेळी टाटांच्या दोन कुत्र्यांपैकी एक आजारी पडला आणि टाटा गेलेच नाहीत. सुहेल सेठ यांनी सांगितलेली ही आठवण ९ ऑक्टोबर २०२४ ला टाटा गेले तेव्हा पुन्हा घरोघरी पोचली.

मला मात्र त्यांची दुसरी गोष्ट जास्त जवळची वाटते. आपल्या एका कुत्र्याच्या सांध्याच्या ऑपरेशनसाठी त्यांनी त्याला अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठापर्यंत नेलं होतं. पण तोवर उशीर झालेला. सांधा बदलता आला नाही, तो एका ठरावीक स्थितीत पक्का करून टाकावा लागला. हे त्यांनी स्वतःच सांगितलं होतं. मुंबईत महालक्ष्मीला २०२४ मध्ये प्राण्यांचं जे मोठं हॉस्पिटल सुरू झालं, त्याच्या मुळाशी हा अनुभव आहे.

बघा ना! ज्यांच्याकडे पैसा होता, विमान होतं, जगातले डॉक्टर होते, त्यांच्याही वाट्याला शेवटी 'एवढंच करता येईल' हेच वाक्य आलं. हे ऐकून मला वाईट वाटायला हवं होतं. पण खरं सांगू? हलकं वाटलं. आपण कमी पडतोय, अजून एक स्पेशालिस्ट, अजून एक इंपोर्टेड सप्लिमेंट राहिलंय, ही जी टोचणी असते, ती थोडी बोथट झाली. काही सांधे कुणाच्याच पैशाने नवे होत नाहीत.

या दमण्याला नाव आहे

अमेरिकेत केंट स्टेट विद्यापीठातल्या मेरी बेथ स्पिट्झनॅगल या मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये एक अभ्यास छापला. त्यात पाळीव प्राणी असलेली २३८ माणसं होती. काहींचे प्राणी दीर्घ आजारी, काहींचे ठणठणीत. स्मृतिभ्रंश झालेल्या आई-वडिलांची सेवा करणाऱ्यांचा थकवा मोजायला जी प्रश्नावली वापरतात, तीच प्राण्यांसाठी बदलून वापरली. ज्यांच्या घरी आजारी प्राणी होता त्यांच्यावरचा भार जास्त, ताण जास्त, नैराश्याची आणि चिंतेची लक्षणंही जास्त निघाली. म्हणजे हे 'नखरे' नाहीत. याला नाव आहे, मोजपट्टी आहे.

पण आपल्याकडे हे बोलायची सोय नाही. माझी आई फोनवर म्हणाली, 'अगं, तुझ्या आजीचे गुडघे दहा वर्षं दुखत होते, कुणी एक्स-रे काढला नव्हता.' खरंय तिचं. आजीचं दुखणं कुणी बघितलं नाही, हे वाईटच झालं. पण म्हणून बंड्याचंही बघायचं नाही, हे काही त्याचं उत्तर नाही. एच.आर.च्या फॉर्ममध्ये 'कुत्रा आजारी' अशी रजा नसते. म्हणून आपण 'पोट बिघडलंय' लिहितो आणि मग दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये लोक ताक पाजतात!

आणि घरातल्या घरात एक वेगळीच स्पर्धा सुरू होते, कोण जास्त दमलंय याची. 'मी चार दिवस रात्री उठलोय.' 'मी रोज दुपारी उन्हात येते.' दिवाळीत कोकणात जायचं ठरलं होतं, हॉटेलला अ‍ॅडव्हान्सही दिला होता. बंड्याचा पाय धरला आणि बेत रद्द. आम्ही दोघंही 'काही हरकत नाही' म्हणालो आणि दोन दिवस एकमेकांशी धड बोललो नाही. राग कुणाचा? कुत्र्याचा तर येत नाही. मग जो समोर असतो त्याचा येतो.

डिसेंबरातली एक रात्र. शिरूरकडची थंडी, बंड्या गादीतच ओला झालेला. सकाळी माझं ऑडिट. बाथरूममध्ये गार पाण्यात चादर पिळताना मनात आलं, 'सुटला तर बरं.' आणि हात थांबला. कोण सुटला तर बरं? तो की मी?

पुढच्या व्हिजिटला मी डॉक्टरांना हे सांगून टाकलं. ते हसले नाहीत की दचकले नाहीत. म्हणाले, 'इथे बसून बहुतेक सगळे हे बोलतात. फक्त आवाज बारीक करून बोलतात.' म्हणून तर हा कॉलम लिहितेय, जरा मोठ्या आवाजात. ज्याची सेवा करतो त्याच्यावर प्रेम असणं आणि त्या सेवेतून सुटका हवी असणं, ही दोन्ही एकाच माणसात एकाच रात्री राहू शकतात. दुसरी आली म्हणून पहिली खोटी ठरत नाही.

आमचे फंडे

दीड वर्षात जे उपयोगी पडलं ते सांगते. डॉक्टर तुमचे तुम्ही गाठाच.

▪ लादी झाका. गुळगुळीत टाइल्स हा झिजलेल्या सांध्याचा शत्रू नंबर एक. बंड्याच्या झोपायच्या जागेपासून पाण्याच्या भांड्यापर्यंत आणि दारापर्यंत आम्ही रबरी मॅट अंथरल्यात. झोपायला जाड गादी, वर गोधडी. घर दिसायला झकास राहत नाही. चालायचंच!

▪ वजन उतरवा. हे सगळ्यात स्वस्त औषध. अमेरिकेत ४८ लॅब्रॅडोरांवर त्यांच्या आयुष्यभर चाललेला एक अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. एकाच वेतातल्या पिल्लांच्या जोड्या लावल्या होत्या. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी खायला. कमी खाणारे सर्वसाधारणपणे १३ वर्षं जगले, दुसरे ११.२ वर्षं, आणि त्यांच्या सांध्यांचं दुखणंही उशिरा सुरू झालं. बंड्या ३८ किलोंवरून ३३ वर आलाय. पाहुण्यांना दारातच सांगते, महागणपतीचा पेढा मला द्या, त्याला नको.

▪ माणसांची गोळी देऊ नका. आपल्या ड्रॉवरमधलं आयबुप्रोफेन किंवा पॅरासिटामॉल कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतं. प्राण्यांसाठीची दाह कमी करणारी औषधं वेगळी असतात आणि तीही चालू असताना लिव्हर-किडनीच्या रक्ततपासण्या कराव्या लागतात.

▪ थोडं, पण रोज. रविवारी एकदम लांब फिरवून आणणं आणि आठवडाभर झोपवून ठेवणं, दोन्ही वाईट. दहा-दहा मिनिटांच्या तीन चकरा, सपाट रस्त्यावर. उठवताना पोटाखालून जुना टॉवेल घालून मागचा भाग उचलून धरायचा. त्याची कंबरही वाचते, आपलीही.

▪ एक रात्र पूर्ण सुट्टी. आठवड्यातून एक रात्र माझी, एक नवऱ्याची. ज्याची सुट्टी तो आतल्या खोलीत, दार लावून. टक-टक ऐकू आली तरी उठायचं नाही. 'मदत करू का?' असंही विचारायचं नाही. कंपनीत शिफ्ट संपली की पुढच्याला चार्ज देऊन आपण गेट पास करतो ना, तसं. पहिल्यांदा मला झोप लागली नाही. तिसऱ्या आठवड्यात नऊ तास झोपले!

रोजचा निकाल बंद

सगळ्यात जास्त फरक पडला तो मात्र एका वहीने. अ‍ॅलिस व्हिलालोबोस या अमेरिकन पशुवैद्य. म्हाताऱ्या आणि आजारी प्राण्यांचं जगणं कसं चाललंय हे बघण्यासाठी त्यांनी २००४ मध्ये एक मोजपट्टी मांडली. त्यात सात गोष्टी आहेत. दुखणं आटोक्यात आहे का, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का. प्रत्येकाला दहापैकी मार्क. सत्तरपैकी पस्तिसाच्या वर असेल तर सेवा चालू ठेवण्यात अर्थ आहे, असं साधारण धरतात.

आम्ही दर रविवारी वही काढतो. दोघं वेगवेगळे मार्क लिहितो, मग उघडून बघतो. गेल्या आठवड्यात माझे ४४, त्याचे ४७. थंडीतल्या सर्वांत वाईट आठवड्यात ३६ होते. आकडा निर्णय घेत नाही, हे मला कळतं. पण त्याने एक काम केलंय, रोज सकाळचा तो निकाल बंद झाला. आता सोमवारी बंड्या तीनदा बसला तरी आम्ही म्हणतो, रविवारी बघू. चहा गरम असतानाच पिऊन होतो. मी मीटिंगमध्ये मीटिंग ऐकते.

वहीच्या शेवटच्या पानावर आम्ही आणखी तीन ओळी लिहून ठेवल्यात. पापड भाजल्याच्या वासाने स्वयंपाकघरात येणं. नवऱ्याची बाइक ओळखून दाराशी जाणं. कुंपणावरच्या मांजरावर भुंकणं. या तीन गोष्टी म्हणजे आमचा बंड्या. यातल्या दोन गेल्या आणि डॉक्टरांनी औषध बदलूनही परत आल्या नाहीत, तर आम्ही त्यांच्याशी 'तो' विषय बोलायचा. शांतपणे निरोप देण्याचा. हे आम्ही बंड्या बरा असताना, दुपारी, डोकं थंड ठेवून लिहिलंय. पहाटे तीनला, ओली चादर पिळताना, असला निर्णय घ्यायचा नसतो. आणि आकडा चांगला असताना तो पुढे ढकलल्याबद्दल स्वतःला दोषही द्यायचा नसतो.

लिहिताना दोघांचेही डोळे भरले, हे सांगायला हवं का? पण वही मिटल्यावर त्या दिवशी आम्ही कोण जास्त दमलंय यावरून भांडलो नाही. बऱ्याच महिन्यांनी एकत्र बसून सिनेमा बघितला. बंड्या मध्ये पसरलेला, नेहमीसारखा.

तुमच्या ऑफिसातही असं कुणीतरी असेल. कुत्रा असेल, मांजर असेल, कदाचित आजोबा असतील. विचारल्यावर 'तसाच' म्हणत असेल. त्याला तेल, काढा, बाबा, सप्लिमेंट काही सुचवू नका, त्याने सगळं ऐकलेलं असतं. एक शुक्रवार त्याची सेकंड शिफ्ट तुम्ही घ्या. एवढ्याने त्याला एक अख्खी रात्र झोपायला मिळेल.